तिथं कोण ओळखतंय?

आमच्या भागातली माणसं परदेशात जाणार की नाही, हे मृगाच्या पावसावर ठरतं. पुण्या-मुंबईच्या लोकांना यात गंमत वाटेल. पण भोकरदन, सिल्लोड, जाफराबाद, अंबड या पट्ट्यातल्या कुठल्याही बाजारपेठेतून चालत जा. थोड्या थोड्या अंतरावर एकेक कृषी सेवा केंद्र लागतं आणि गल्ल्यामागं, देवाच्या तसबिरीशेजारी, मालकाचा एक फोटो असतो. फुलाफुलांचा शर्ट, डोळ्यांवर गॉगल, मागं समुद्र. तो पटायाचा. बियाणं, खतं, औषधं विकणाऱ्या कंपन्या हंगामाच्या तोंडावर स्कीम लावतात. कापसाची अमुक इतकी पाकिटं उचलली, तणनाशकाचा तमुक कोटा पूर्ण केला की बँकॉक-पटाया. त्याच्याही वर गेलात तर बाली, नाहीतर बाकू. पाऊस वेळेवर झाला तर पेरण्या साधतात आणि टूर लागते. पाऊस मध्येच दडी मारून बसला आणि दुबार पेरणीची वेळ आली तर शेतकरी रडतो, पाकिटं मात्र पुन्हा जातात. ही टूर शेवटी कुणाच्या खिशातून निघते, हे दुकानदाराच्या बायकोनं फार न बोललेलं बरं.

या टूरला बायकांना नेत नाहीत. का नेत नाहीत ते सगळ्या बायकांना ठाऊक असतं आणि कुणी विचारत नाही. एका वर्षी मात्र एका कंपनीला काय बुद्धी झाली कोण जाणे, तिनं ‘फॅमिली टूर’ काढली. तशी मीही बँकॉकला जाऊन आले.

आता पर्यटकांच्या वागण्यावर लिहायचं म्हणजे पहिल्यांदा आपल्या लोकांच्या आवाजावर लिहायची रीत आहे. विमानात डबे उघडले, ठेच्याचा वास सुटला, विमान उतरायच्या आत माणसं उभी राहिली, हॉटेलच्या नाश्त्यातली केळी पिशवीत गेली, व्हिडिओ कॉल लावून अख्ख्या गल्लीला लिफ्ट दाखवली. हे सगळं झालं. मी ते गुन्ह्यात धरत नाही. या बांधावरून त्या बांधावर बोलायची सवय असलेला गळा हॉटेलच्या लॉबीत एकदम कसा खाली येणार? कुणी त्रासून बघितलं असेल. त्रास आणि अपमान यांत मी फरक करते. चोरीही मी वेगळ्या खात्यात टाकते. २०१९ मध्ये बालीच्या एका हॉटेलातून निघताना एका भारतीय कुटुंबाच्या बॅगांतून खोलीतल्या वस्तू बाहेर निघाल्या होत्या, त्याचा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. आमच्या बसमध्येही तो विषय निघाला. “असली माणसं देशाचं नाव घालवतात,” असं सगळ्यांत मोठ्यानं म्हणणाऱ्या शेठचीच पुढची गोष्ट मला सांगायची आहे.

बँकॉकच्या उत्तरेला ऐंशीएक किलोमीटरवर अयुथ्या आहे. १३५० पासून चारशे वर्षं ती राजधानी होती. १७६७ मध्ये ब्रह्मदेशाच्या फौजांनी ती जाळली, लुटली. आज तिथं विटांचे मनोरे उभे आहेत आणि रांगेनं बसलेल्या बुद्धमूर्ती आहेत, बहुतेकींना डोकी नाहीत. काही लढाईत तुटली, काही नंतर जुन्या वस्तूंच्या बाजारासाठी कापून नेली. एका झाडाच्या मुळांत मात्र एक दगडी डोकं अडकून राहिलंय. मुळं त्याच्याभोवती अशी वाढलीत की चेहरा तेवढा उघडा आहे. फोटो काढायचा तर खाली बसायचं, आपलं डोकं बुद्धाच्या डोक्याच्या वर जाऊ द्यायचं नाही, असा तिथला नियम. तो आमच्या मंडळींनी पाळला. गुडघे दुखणाऱ्या एक मावशीही कशाबशा टेकल्या. सांगितलं होतं, पाटी होती, पहारेकरी उभा होता.

पुढच्या ओळीत पहारेकरी नव्हता. शेठ एका बिनडोक्याच्या मूर्तीमागं गेले, तिच्या खांद्यांवरून आपलं मुंडकं काढलं, डोळे मिटले आणि एक हात आशीर्वादासारखा वर केला. पाच-सहा मोबाइल वर झाले. लांबून शिट्टी वाजली. एक म्हातारासा माणूस, अंगावर खाकी, हात हलवत घाईनं आला. त्याचं बोलणं आम्हाला कळत नव्हतं, पण त्याचा चेहरा कळत होता. शेठ बाहेर आले आणि हसले. ओशाळून नव्हे, मजेत. शिट्टी वाजवण्याची नक्कलसुद्धा केली. माझ्या नवऱ्यानं त्यांना बाजूला घेतलं तर म्हणाले, “जाऊ द्या ना भाऊ, इथं आपल्याला कोण ओळखतंय?”

ते हसू मी आधी पाहिलेलं होतं, फक्त वेगळ्या चेहऱ्यावर.

माझं माहेर फर्दापूरजवळचं. फर्दापूर म्हणजे अजिंठ्याच्या लेण्यांचं दार. आता गाड्या टी-पॉइंटला थांबवतात आणि पुढचे चारेक किलोमीटर बसनं जावं लागतं. माझ्या लहानपणी असं काही नव्हतं. दगडवाले सरळ गाडीच्या खिडकीशी जायचे. गारगोट्या, स्फटिक, फोडल्यावर आतून चमकणारे गोटे. आम्ही पोरं ‘वन पेन, वन पेन’ करत गोऱ्यांच्या मागं पळायचो. तर एकदा आजी वाघूर नदीवर धुणं धूत होती. लुगडं वर खोचलेलं, पाठ उघडी. काठावरच्या झाडीतून एक गोरा माणूस तिचे फोटो काढायला लागला. आजीनं तोंड फिरवलं. तो वळसा घालून पुन्हा समोर आला. आजीनं पदर ओढला आणि “काय बघू राह्यला रे मुडद्या,” म्हणून धोपटणं उगारलं. त्याला ते फारच आवडलं. तो हसला आणि त्याचाही फोटो काढला.

तो फोटो युरोपात कुणाच्या तरी घरी असेल. बाई रागावली आहे हे त्यात दिसतही असेल. तिला राग येण्याचा अधिकार आहे, एवढंच त्याच्या डोक्यात आलं नसेल.

म्हणून नियम माहीत नसण्याला मी फारसं महत्त्व देत नाही. थायलंडमध्ये पाय कुणाकडं रोखून बसू नये, डोक्याला हात लावू नये, बाईनं भिक्खूला स्पर्श करू नये, देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, हे मला तरी कुठं ठाऊक होतं? सांगितलं, कळलं, पाळलं. आपल्याकडंही घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगानं जावं लागतं, हे केरळच्या माणसाला सांगावं लागत नाही आणि दिल्लीच्या माणसाला सांगावं लागतं. सांगितल्यावर तो शर्ट काढतो आणि विषय संपतो. अनादर सुरू होतो तो सांगून झाल्यावर. शिट्टी वाजली, समोरचा माणूस धावत आला, त्याला वाईट वाटलंय हे दिसलं, आणि तरी हसू आलं, तिथं.

२०२३ च्या जूनमध्ये रोमच्या कोलोसियमच्या भिंतीवर एकजण किल्लीनं आपलं आणि मैत्रिणीचं नाव कोरत होता. दुसऱ्या एका पर्यटकानं त्याचा व्हिडिओ काढला, त्याला हटकलं. तर हा वळून कॅमेऱ्याकडं बघून हसला. ते हसू जगभर फिरलं. पकडला गेल्यावर त्यानं रोमच्या महापौरांना माफीचं पत्र लिहिलं. त्यात म्हटलं की ही वास्तू इतकी जुनी आहे हे मला नंतर कळलं. इसवी सन ८० मध्ये उघडलेली वास्तू! याला अज्ञान म्हणायचं असेल तर म्हणा. मला त्यातलं खरं वाक्य वेगळंच दिसतं. किल्ली हातात असताना त्याला ती भिंत कुणाची तरी आहे असं वाटलंच नव्हतं. पत्र लिहायच्या वेळी भिंतीला मालक सापडला.

अजिंठ्याला तर या कलेचा आद्यपुरुषच येऊन गेला. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज फौजी अधिकारी वाघाच्या शिकारीला आला आणि दहाव्या लेण्यात शिरला. त्यानं लेण्यांचा शोध लावला असं पुस्तकांत लिहितात. दरीच्या वरच्या लेणापूरच्या माणसांना हे ऐकवून बघा. त्या दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर, बोधिसत्त्वाच्या चित्रावर, त्यानं आपलं नाव आणि तारीख खरवडली. आज ते नाव माणसाच्या डोक्याच्याही वर दिसतं, कारण तेव्हा लेण्यात राडारोडा साचलेला होता आणि साहेब त्या ढिगावर उभा होता. गाईड आता ते टॉर्चनं दाखवतात. आणि गंमत बघा, चित्र बघायला आलेली माणसं त्या नावाचाच फोटो आधी काढतात.

त्याच लेण्यांसाठी आलेला दुसरा इंग्रज रॉबर्ट गिल. १८४४ पासून पुढं कित्येक वर्षं तो अजिंठ्यात चित्रांच्या नकला करत राहिला. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पारो नावाच्या इथल्या बाईशी त्याचं नातं, तिची अजिंठा गावातली कबर, ही गोष्ट आमच्याकडं सगळ्यांना पाठ आहे. गिल या भागातच मेला, भुसावळला पुरला. त्यानं खांबावर नाव खरवडल्याचं काही ऐकिवात नाही. मी त्याला संत ठरवत नाही, तोही कंपनी सरकारचाच माणूस. पण सकाळी उठून ज्या गावातून दूध घ्यायचं, त्या गावासमोर माणूस जरा जपूनच वागतो.

आता आपल्यावर येते. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली निघतात. एसटीच्या लाल गाड्या वेरूळला रांगेनं उभ्या राहतात. तिथल्या दहाव्या लेण्यात, ज्याला लोक सुतार झोपडी म्हणतात, छताची कमान अशी आहे की सावकाश म्हटलेला सूर परत येऊन मिसळतो. तिथं पोरं हुर्यो करतात, गुरुजीही करतात. कैलासाच्या अंगणातल्या सोंड तुटलेल्या हत्तीवर पोरगं बसवून फोटो काढतात. बदामाचं चित्र आणि दोन अक्षरं कुठल्याही किल्ल्यावर, कुठल्याही मकबऱ्यावर सापडतील. संरक्षित स्मारक खराब केलं तर कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. तो वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय. बीबी का मकबऱ्यात एखादी परदेशी मुलगी दिसली की ‘मॅडम, वन सेल्फी’ म्हणत पोरांचा घोळका तिच्याभोवती पडतो. ती पहिल्यांदा हसते, नंतर मान हलवते, मग चालायला लागते. पोरं मागं मागं, हसत. आजीचा हिशेब तिथं फिटतो असं कुणी म्हणू नये. त्या मुलीनं आजीचं काय घोडं मारलं होतं?

म्हणजे परदेशात गेल्यावरच माणूस बिघडतो असं काही नाही. मुद्दा अंतराचा आहे, आणि ते अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नाही. आमच्या गावात पोरगं कुणाच्या भिंतीवर कोळशानं रेघोट्या मारायला लागलं की कुणीतरी ओट्यावरून विचारतं, “कुणाचा रे तू?” झालं. पोरगं पळतं. मार कुणी दिलेला नसतो. बापाचं नाव सांगावं लागेल एवढीच भीती. आपली शरम अशी दुसऱ्यांच्या तोंडात ठेवलेली असते. गावाची वेस ओलांडली की विचारणारं कुणी नसतं. वेरूळला सिल्लोडचं पोरगं मोकळं, बँकॉकला भोकरदनचा शेठ मोकळा, वाघूरच्या काठी तो गोरा मोकळा.

चीनला हे फार नेमकं कळलं असावं. २०१३ मध्ये इजिप्तच्या लक्झर मंदिरातल्या एका कोरीव शिल्पावर पंधरा वर्षांच्या चिनी मुलाचं नाव सापडलं, ‘अमुक इथं येऊन गेला’ असं. फोटो चीनमध्ये फिरला आणि लोकांनी बघता बघता त्याचं गाव, शाळा सगळं शोधून काढलं. आईबापांनी वर्तमानपत्रातून माफी मागितली. इजिप्तमध्ये त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. ‘कुणाचा रे तू’ हे घरच्यांनीच विचारलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये चीनचा पर्यटन कायदा लागू झाला, त्यात पर्यटकानं स्थानिक चालीरीतींचा मान राखावा असं लिहिलं. २०१५ मध्ये सरकारनं गैरवर्तन करणाऱ्या पर्यटकांची काळी यादीच सुरू केली. ओट्यावरचा म्हातारा सरकारनं नेमला म्हणा ना. मला हे पटतं असं नाही. पंधरा वर्षांच्या पोरामागं अख्खा देश लागणं ही काय शिस्त झाली? पण ओट्यावर कुणीतरी लागतं, हे त्यांचं निदान बरोबर होतं.

आणि कधी कधी समोरचा माणूस अगदी शांतपणे, हात जोडून सांगतो, तरी भागत नाही. ऑस्ट्रेलियातला उलुरू हा मोठा लाल खडक. अनांगू लोकांसाठी तो पवित्र आहे. १९८५ मध्ये सरकारनं तो त्यांना कागदोपत्री परत दिला. चढायच्या वाटेच्या तोंडाशी वर्षानुवर्षं पाटी होती की आम्ही चढत नाही, तुम्हीही चढू नका, ही आमची विनंती. बंदी नव्हती. लोक ती पाटी वाचून, तिच्याशेजारी फोटो काढून चढत राहिले. शेवटी २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंदी घालायचं ठरलं. ते कळल्यावर काय झालं? आता संधी जाणार म्हणून शेवटच्या दिवसांत खडकावर मुंग्यांसारखी रांग लागली. कुणाच्या घरात ‘चप्पल काढा’ म्हटल्यावर ‘कायदा दाखवा’ म्हणणारा पाहुणा आपल्याकडं परत बोलावत नाहीत. पण त्या रांगेतल्या माणसांनी तिकीट काढलेलं होतं, आणि तिकीट काढलेला माणूस स्वतःला पाहुणा समजत नाही.

आमच्या लोकांनी तर तिकीटही काढलं नव्हतं. टूर जिंकली होती. वर्षभर कंपनीचा माल, त्यात लिंकिंगचा, म्हणजे हव्या मालासोबत गळ्यात मारलेला नको असलेला माल, उधारी, वसुली, बोगस बियाण्याच्या तक्रारी, शेतकऱ्यांच्या शिव्या हे सगळं सोसून मिळालेले ते चार दिवस. त्यात कुणाचं ऐकून घ्यायचं नाही, ही ज्याच्या त्याच्या मनातली अट. नवरा म्हणतो ते खोटं नाही की दुकानाच्या काउंटरमागं वर्षभर मान खाली घातलेला माणूस तिथं जाऊन एकदाची मान वर करतो. वर केलेली मान नेमकी दुसऱ्याच्या बुद्धाच्या खांद्यांवर ठेवायची का, एवढाच माझा प्रश्न.

आता त्या गाईडबद्दल. हिंदी बोलणारी थाई बाई होती, पन्नाशीची. थायलंडमध्ये गाईडचं काम कायद्यानं थाई माणसालाच करता येतं. म्हणजे ते देऊळ तिचं, तो बुद्ध तिचा. शिट्टी वाजली तेव्हा ती आमच्याच सोबत उभी होती. तिनं त्या खाकी म्हाताऱ्याला हात जोडून त्यांच्या भाषेत काहीतरी म्हटलं, आमच्या वतीनं माफीच मागत असावी, आणि आमच्याकडं वळून ‘चलो चलो, खाना ठंडा हो जाएगा’ म्हणाली. हसतच. संध्याकाळी बसमध्ये तिच्या शेजारी बसायला मिळालं. मी विचारलं, तुम्ही त्यांना का नाही रागावलात? ती खिडकीकडं बघत म्हणाली, “मॅडम, मैं गुस्सा करूँगी तो टिप कौन देगा?” मग थोड्या वेळानं, “आप का ग्रुप अच्छा है.” हे ती प्रत्येक ग्रुपला म्हणत असणार.

मला तिथं सगळा कारभार लख्ख दिसला. टूर स्वस्तात विकायची म्हणजे भाडं, हॉटेल, गाईड सगळ्यांचे दर आवळायचे. मग गाईडनं ते टिपमधून आणि दुकानांच्या कमिशनमधून भरून काढायचं. म्हणून तर रत्नांच्या दुकानात दीड तास आणि देवळात वीस मिनिटं. चिनी पर्यटकांना जवळजवळ फुकटात आणून दुकानांत पिळणाऱ्या टूर कंपन्यांवर थायलंड सरकारनं २०१६ मध्ये मोठी कारवाई केली होती, इतका तो धंदा माजला होता. आमची टूर तशी नव्हती, पण जातकुळी तीच. ज्या एका माणसाला आम्हाला सांगायचा अधिकार आहे, भाषा आहे, जो रोज आमच्यासोबत आहे, त्याचं पोट आमच्या खूश राहण्यावर बांधलेलं. मग सांगणार कोण? फर्दापूरचा माझा एक मावसभाऊ गाईड आहे, त्याचंही हेच. पर्यटकानं चित्रावर फ्लॅश मारला तर लेण्यातला पगारी पहारेकरी ओरडतो. मावसभाऊ ‘सर, प्लीज’ म्हणतो. त्या पहारेकऱ्याबद्दल लोक नेटवर ‘उद्धट स्टाफ’ असं लिहितात. अशा उद्धट माणसांनीच ती चित्रं आतापर्यंत राखली, असं माझं मत आहे.

त्या अयुथ्यात आमच्यातलाच एकजण निराळा वागला, तेही सांगायला हवं. कंपनीचा प्रतिनिधी म्हणून जालन्याचा एक तरुण मुलगा सोबत होता. शेठ लोकांच्या बॅगा मोजायच्या, पासपोर्ट सांभाळायचे, हे त्याचं काम. तो बौद्ध. मोठ्या विहारात आम्ही शिरलो तेव्हा तो बूट काढून एका कडेला गुडघ्यांवर बसला आणि हळू आवाजात त्रिशरण म्हणायला लागला. शेजारी एक थाई म्हातारी बसली होती. तिनं एकदम त्याच्याकडं पाहिलं आणि त्याच ओळी, उच्चार जरा वेगळे, त्याच्याबरोबर म्हणायला लागली. पंचशील संपेपर्यंत दोघं म्हणत राहिली. नंतर तिनं त्याला पिशवीतून एक फळ दिलं. आमची मंडळी तेवढा वेळ गप्प होती. त्याला तिथं कुणीतरी ओळखलं होतं. २०२३ च्या जानेवारीत थायलंडचे शंभरावर भिक्खू परभणीहून मुंबईच्या चैत्यभूमीकडं पायी निघाले होते, तेव्हा हा मुलगा त्यांच्यासोबत एक मजल चालला होता, असं त्यानं मला परतताना सांगितलं. आपल्याच गावातल्या विहारासमोरून जाताना ज्यांची मान वळत नाही, त्यांची ती परमुलखात कशी वळावी? हा प्रश्न बसमध्ये विचारला असता तर टूरचा बेरंग झाला असता.

परत आल्यावर मी आणि नवरा या विषयावर बरंच भांडलो. माझं म्हणणं, लोकांना सांगणारं कुणी ठेवा, लोक ऐकतात. नांदेडचंच बघा ना. सचखंड हुजूर साहिबला जाणारा कुणीही असो, पंजाबातला करोडपती असो नाहीतर कंधारचा शेतमजूर, दारातला सेवादार नुसता हात डोक्याकडं नेतो. रुमाल नसेल तर तिथले रुमाल ठेवलेलेच असतात. बांधला की आत. आमचे हेच शेठ तिथं डोक्यावर भगवा रुमाल बांधून, पाय धुऊन, खाली बसून लंगर जेवून आलेत, आणि ‘काय शिस्त आहे’ म्हणून गावभर सांगत होते. तिथं कुणी त्यांना ओळखत होतं का?

नवरा म्हणाला, “अगं, तिथं देवाची भीती असती.”

“मग बुद्धाची कामून नसावी?”

“ते तू शेठला विचार.” थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “तसं नाही. तो सेवादार टिपेवर जगत नाही. त्याला काय पडलंय तुम्ही खूश झालात का नाराज?”

हे मात्र मला आधी सुचलं नव्हतं, आणि दुकानदारालाच सुचावं असं ते होतं. गिऱ्हाइकाला नाही म्हणणं किती जड जातं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

पुढच्या हंगामाच्या आधी जालन्याला डीलर मीटिंग झाली. जेवणं झाल्यावर नवऱ्यानं विषय काढला की गाईडची टिप कंपनीनंच आधी भरून टाकावी, ग्रुपमधून गोळा करू नये, आणि पहिल्याच दिवशी बसमध्ये गाईडला सगळ्यांसमोर सांगावं की बाई, तुमच्या मुलखात तुम्ही म्हणाल तसं. कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, “टूर आहे का शाळेची सहल?” हशा झाला. शेठही हसले, पण बोलले काही नाहीत. मॅनेजरनं मोबाइल काढून हिशेब केला. माणशी हजार-बाराशे रुपये पडत होते.

“बघू,” म्हणाला, आणि लिंकिंगच्या मालाचा विषय सुरू केला.